मुंबईला जाताय? मग ही मुंबईही पाहून या!

मुंबईत काय पाहावे, याची यादी आपल्याकडे शाळेच्या सहलीपासून पाठ करून घेतली जाते. गेटवे ऑफ इंडिया, राणीचा बाग, म्हातारीचा बूट, मरीन ड्राइव्ह, जुहूची चौपाटी आणि वेळ उरलाच तर एखाद्या नटाचा बंगला. पर्यटन खात्याची पत्रके पाहा, रेल्वे स्थानकावर विकली जाणारी मार्गदर्शिका पाहा, सगळीकडे थोड्याफार फरकाने हीच नावे सापडतात. राजेरजवाड्यांनी आणि शेठसावकारांनी बांधले ते प्रेक्षणीय! मग परळच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या या यादीत कुठे आहेत? ज्या मैदानात गिरणी कामगारांनी आपल्या हक्कांसाठी हरताळाची हाक ऐकली, ते मैदान कुठे आहे? ज्या वस्तीने दहा माणसे गमावली, ती वस्ती कुठे आहे? त्या यादीत यातले काहीच नाही आणि ती यादी करणाऱ्यांकडून तशी अपेक्षाही नाही. आपली यादी आपणच करायची असते.

६ डिसेंबरला आंबेडकरी जनता लाखोंच्या संख्येने मुंबईत येते. अंगावर पांढरे वस्त्र, पाठीवर भाकरीचे गाठोडे, तासन्‌तासांची रांग, अभिवादन, पुस्तकांची खरेदी आणि रात्रीच्या गाडीने परत. त्या दिवशी मुंबई पाहायला सवड नसते आणि कुणी त्यासाठी आलेलाही नसतो. पण वर्षाचे उरलेले दिवसही आपली माणसे मुंबईला येतच असतात. कुणी टाटा नाहीतर केईएम रुग्णालयात पेशंटला घेऊन येतो, कुणी मुलाखतीला येतो, कुणाची मंत्रालयात फाईल अडकलेली असते, कुणाच्या भाचीचे लग्न चेंबूरला असते. काम आटोपले की हातात एक-दोन दिवस उरतात. सोबत मुले असतात आणि "आता काय पाहायचे?" असे ती विचारतात. हा लेख त्या प्रश्नासाठी आहे.

एक आक्षेप आधीच निकालात काढू. काही मित्र म्हणतील, बाबासाहेबांनी विभूतिपूजेला विरोध केला, २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी राजकारणातल्या भक्तीचा धोका बजावून सांगितला, मग स्थळे पाहत फिरणे ही नवी तीर्थयात्राच नाही का? आक्षेप रास्त आहे. डोके टेकायचे, फोटो काढायचा आणि पुढे निघायचे, एवढेच करणार असाल तर ती तीर्थयात्राच होय. पण प्रत्येक ठिकाणी दोन प्रश्न विचारा : इथे आपल्याला काय नाकारले गेले होते? आणि इथून आपण काय मिळवले? हे प्रश्न सोबत असले की पाहणे हा अभ्यास होतो. म्हणून मुलाच्या हातात मोबाईल आहेच, सोबत एक वहीही द्या.

पहिला दिवस : दादर

सुरुवात दादरपासून करावी. स्टेशनच्या पश्चिमेला, शिवाजी पार्कच्या पुढे, समुद्राला लागून चैत्यभूमी आहे. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत झाले. पार्थिव विमानाने मुंबईत आणले गेले आणि ७ डिसेंबरला दादरच्या या चौपाटीवर लाखोंच्या जनसागरासमोर अंत्यसंस्कार झाले. त्याच ठिकाणी भदंत आनंद कौसल्यायन यांनी शोकाकुल जनसमुदायाला बौद्ध धम्माची दीक्षा दिली. आजचा स्तूप ५ डिसेंबर १९७१ ला मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते खुला झाला. प्रवेशद्वाराचे तोरण सांचीच्या तोरणावरून घेतलेले आहे. ते मुलांना नीट दाखवा. एरवीच्या दिवशी सकाळी इथे गर्दी नसते. शांतपणे बसता येते, त्रिसरण-पंचशील घेता येते, समोरचा समुद्र पाहता येतो. सहा डिसेंबरच्या रांगेत जे मनात येऊनही थांबता आले नाही, ते या दिवशी करून घ्या.

तिथून प्रभादेवीच्या बाजूला इंदू मिलची जागा दिसते. ६ डिसेंबर २०११ ला भीमसैनिक या गिरणीच्या आवारात शिरले आणि ही जमीन बाबासाहेबांच्या स्मारकासाठी हवी, अशी मागणी त्यांनी लावून धरली. भूमिपूजन ११ ऑक्टोबर २०१५ ला झाले. शंभर फुटांच्या चौथऱ्यावर साडेतीनशे फुटांचा पुतळा, अशी योजना आहे. किती वर्षे गेली, किती तारखा जाहीर झाल्या, याचा हिशेब वहीत मांडायला मुलांना सांगा. गणिताचा गणित होईल आणि राज्यशास्त्राचाही धडा होईल.

मग पूल ओलांडून पूर्वेला या. हिंदू कॉलनीत 'राजगृह' आहे. मगधाच्या प्राचीन राजधानीचे नाव दिलेले हे घर बाबासाहेबांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधले ते मुख्यतः ग्रंथांसाठी. माणसे घर बांधतात आणि उरलेल्या कोपऱ्यात पुस्तके ठेवतात, इथे पुस्तकांना जागा हवी म्हणून घर उभे राहिले. याच घरात २७ मे १९३५ ला माता रमाईंनी शेवटचा श्वास घेतला. तळमजल्यावर बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू जपून ठेवल्या आहेत. ७ जुलै २०२० ला याच घराच्या आवारात घुसून समाजकंटकांनी तोडफोड केली होती, हेही मुलांपासून लपवू नका. ग्रंथांसाठी बांधलेल्या घराची एवढी भीती कुणाला वाटते, हा प्रश्न त्यांना पडू द्या.

राजगृहापासून गोकुळदास पास्ता रोड फार लांब नाही. तिथे आंबेडकर भवन आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेस होता. 'प्रबुद्ध भारत' इथे छापला जाई. २५ जून २०१६ च्या पहाटे, लोक झोपेत असताना, ही वास्तू पाडण्यात आली. त्या निषेधात १९ जुलै २०१६ ला भर पावसात भायखळ्याहून निघालेला प्रचंड मोर्चा मुंबईने पाहिला. ज्या छापखान्याने अक्षराला शस्त्र केले, त्याच्या भिंती एका रात्रीत जमीनदोस्त होऊ शकतात. ही जागा पाहताना एवढे ध्यानात ठेवावे की पाडणाऱ्याला रात्र पुरते आणि जपणाऱ्याला मात्र रोज जागे राहावे लागते.

परळ : दोन खोल्यांतले बावीस वर्षांचे विद्यापीठ

दुपारनंतर परळ. आपल्या माणसाला मुंबईत एकच ठिकाण पाहायला वेळ असेल, तर चैत्यभूमीनंतर ते हेच असावे, असे माझे मत आहे. १८९६ च्या प्लेगनंतर ब्रिटिश सरकारने १८९८ मध्ये मुंबई सुधार मंडळ, म्हणजे बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन केले. त्याने कामगारांसाठी बांधलेल्या या बी.आय.टी. चाळी. परळच्या चाळ क्रमांक १ मध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्यांत १९१२ ते १९३४ या काळात बाबासाहेबांचे बिऱ्हाड होते.

आता जरा वही उघडा आणि या बावीस वर्षांत काय काय घडले ते लिहा. १९१३ ला कोलंबिया विद्यापीठ. १९१६ ला लंडन. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक'. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा. २० मार्च १९२७ ला महाडचे चवदार तळे, एप्रिलमध्ये 'बहिष्कृत भारत', डिसेंबरमध्ये मनुस्मृतीचे दहन. १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह, त्याच वर्षी पहिली गोलमेज परिषद. १९३२ ला पुणे करार. या सगळ्या काळात बाबासाहेबांच्या घराचा पत्ता हाच होता! नळ सामाईक, संडास सामाईक, जिन्यात सदा वर्दळ, शेजारी गिरणी कामगारांची बिऱ्हाडे. आज आपली मुले अभ्यासाला स्वतंत्र खोली नाही म्हणून कुरकुरतात. त्यांना रागावू नका, नुसते या जिन्याने वर घेऊन जा.

मात्र एक पथ्य पाळा. ही संग्रहालयाची इमारत म्हणून बांधलेली नाही, ही माणसांची राहती चाळ आहे. आवाज करू नका, कुणाच्या दारात उभे राहून परवानगीशिवाय फोटो काढू नका. चाळीतल्या एखाद्या वयस्क माणसाला "जय भीम" घाला आणि विचारा. पुस्तकात नसलेली माहिती अशाच ओट्यांवर मिळते. या खोल्यांचे स्मारक करण्याच्या घोषणा झालेल्या आहेत. घोषणा आणि प्रत्यक्ष यांत किती अंतर आहे, ते स्वतःच्या डोळ्यांनी मोजा.

जवळच दामोदर हॉल. १९२२ मध्ये सोशल सर्व्हिस लीगने उभारलेल्या या सभागृहात ९ मार्च १९२४ ला बाबासाहेबांनी अस्पृश्यांसाठी मध्यवर्ती संस्था काढण्याच्या विचाराने सभा बोलावली. त्यातूनच बहिष्कृत हितकारिणी सभा जन्माला आली आणि बाबासाहेबांचे कार्यालयही इथेच होते. कामगार रंगभूमीचे माहेर असलेले दामोदर नाट्यगृह २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी बंद झाले. नवी इमारत उभी राहील तेव्हा तिच्या दर्शनी भिंतीवर १९२४ च्या सभेची नोंद असेल का? आजच मागितली नाही तर नसेल, हे नक्की.

परळमध्येच कामगार मैदान आहे. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाच्या विरोधात मुंबईत एक दिवसाचा हरताळ झाला. संपाचा हक्क हिरावणाऱ्या या विधेयकाविरुद्ध स्वतंत्र मजूर पक्षाचे बाबासाहेब आणि कम्युनिस्ट कामगार नेते एका व्यासपीठावर आले, ते याच मैदानात. बाबासाहेबांना फक्त एका जातीचे पुढारी म्हणणाऱ्यांनी इथे येऊन पाच मिनिटे उभे राहावे. आणि परळचेच नरे पार्क! २४ मे १९५६ ला, बुद्ध जयंतीच्या सभेत, येत्या ऑक्टोबरमध्ये आपण बौद्ध धम्म स्वीकारणार, असे बाबासाहेबांनी जाहीर केले, ते या मैदानावर. नागपूरच्या दीक्षाभूमीची पहिली वाट अशी परळमधून निघते.

या भागात पूर्वी गिरण्यांच्या चिमण्या होत्या. आता काचेच्या इमारती आणि मॉल आहेत. मुलांना मॉल पाहायचा असेल तर जरूर दाखवा. लोअर परळचा फिनिक्स मॉल ही पूर्वी फिनिक्स मिलच होती. सरकत्या जिन्यावर उभे असताना त्यांना सांगा की गिरण्यांत आपल्या आजोबा-पणजोबांना विणकाम खात्यात घेत नसत. पगार त्या खात्यात जास्त होता. पण धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे आणि अस्पृश्याच्या तोंडाचे सूत सवर्ण कामगाराला चालत नसे. वर्गाची एकजूट जातीच्या एका धाग्याने कशी तुटत होती, हे बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या काळातच कामगार पुढाऱ्यांना विचारले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि त्यानंतर गिरणगाव जे उद्ध्वस्त झाले ते झालेच. मॉलची खरेदी झाली नाही तरी चालेल, ही गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय खाली उतरू नका.

वरळी : उंच इमारतींच्या सावलीत

संध्याकाळ वरळीला. बी.डी.डी. चाळी म्हणजे १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या कामगारांच्या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी अशा चार ठिकाणी त्या उभ्या राहिल्या आणि वरळीत त्यांची संख्या सगळ्यांत मोठी. १६० चौरस फुटांच्या खोलीत तीन-तीन पिढ्या वाढल्या. इथल्या आंबेडकर मैदानावर ५ जानेवारी १९७४ ला दलित पँथरची सभा झाली आणि त्यानंतर वरळीची दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात परळमध्ये वरून टाकलेल्या दगडाने भागवत जाधव हा तरुण शहीद झाला. नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार यांच्या पिढीने १९७२ मध्ये उभी केलेली पँथर काय होती, हे वाचून जेवढे कळते त्याहून अधिक या चाळींच्या मधल्या गल्ल्यांत उभे राहिल्यावर कळते. एका बाजूची चाळ आणि समोरच्या बाजूची चाळ, मधे अवघा रस्ता. दोन समाज किती जवळ राहत होते आणि किती दूर होते!

या चाळींचा आता पुनर्विकास सुरू आहे. १४ ऑगस्ट २०२५ ला वरळीत पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या दिल्या गेल्या. १६० फुटांच्या जागी ५०० फुटांचे घर मिळते आहे, याचा आनंदच आहे. गरिबाने चाळीतच राहावे म्हणजे इतिहास जपला जाईल, असे म्हणणारे स्वतः कधी सामाईक संडासाच्या रांगेत उभे राहिलेले नसतात. घरे व्हावीत, उंच व्हावीत. पण चाळ पडताना तिची आठवण ढिगाऱ्यात जाऊ नये, एवढीच मागणी आहे. जुन्या चाळी उभ्या आहेत तोवर पाहून घ्या.

दुसरा दिवस : फोर्ट

दुसऱ्या दिवशी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरा. १८८८ ची ही इमारत २००४ पासून जागतिक वारसा आहे. ती बाहेरून डोळे भरून पाहा. मग डॉ. दादाभाई नौरोजी मार्गाने चालत सिद्धार्थ महाविद्यालयाकडे या. पीपल्स एज्युकेशन सोसायटीची स्थापना ८ जुलै १९४५ ची, महाविद्यालय २० जून १९४६ चे. सुरुवातीचे वर्ग लष्कराच्या बराकींत भरले. नंतर फोर्टमध्ये 'आनंद भवन' आणि 'बुद्ध भवन' या इमारती आल्या. दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग होते. गावाहून आलेला, कारकुनी करणारा, चाळीत राहणारा मुलगा पदवीधर होऊ लागला तो इथून. बाबासाहेबांच्या संग्रहातले ग्रंथ या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात आले. पदवीचे वर्ष जवळ आलेला मुलगा किंवा मुलगी सोबत असेल तर या फाटकापाशी थोडे अधिक थांबा.

आझाद मैदानाच्या समोर, महापालिका मार्गावर, एल्फिन्स्टन हायस्कूलची इमारत आहे. भीमराव या शाळेतून १९०७ मध्ये मॅट्रिक झाले. फळ्याजवळ बोलावले तेव्हा, फळ्यामागे ठेवलेले डबे विटाळतील म्हणून वर्गातल्या मुलांनी ते धावत जाऊन उचलले होते, तो प्रसंग याच शाळेतला. पुढे काळा घोड्याजवळचे एल्फिन्स्टन कॉलेज, तिथून १९१२ ची बी.ए. त्यासाठी सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती होती. आणि ओव्हलच्या कडेला उच्च न्यायालय. १९२३ पासून बॅरिस्टर आंबेडकर इथे वकिली करू लागले. १९३४ मध्ये संततिनियमन आणि लैंगिक शिक्षणाचा प्रचार करणाऱ्या र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य'वर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू बाबासाहेबांनी लढवली. खटला हरले, पण कुणाच्या बाजूने उभे राहायचे याचा धडा देऊन गेले.

रिगलच्या समोर आज राज्य पोलिसांचे मुख्यालय आहे. ही पूर्वीची कौन्सिल हॉलची इमारत. १७ सप्टेंबर १९३७ ला बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ ला कोकणातले हजारो शेतकरी या कौन्सिल हॉलवर चालून आले. त्यात महार होते, कुणबी होते. कोकणातल्या वाचकांनी आपल्या मुलांना ही इमारत मुद्दाम दाखवावी.

शेजारचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय चुकवू नका. सिंधमधल्या मीरपूरखासच्या स्तूपातल्या बुद्धमूर्ती इथे आहेत आणि सोपाऱ्याला सापडलेला सम्राट अशोकाचा शिलालेखही आहे. भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकरला. त्यात मिळालेला अस्थिकरंडक टाऊन हॉलमधल्या एशियाटिक सोसायटीने जपला आहे. म्हणजे मुंबईचा इतिहास इंग्रजांच्या किल्ल्यापासून सुरू होतो, ही समजूत इथेच पुसून टाका. नालासोपाऱ्याचा स्तूप लोकलने जाऊन पाहता येतो. सवड असेल तर तोही पाहा.

गेटवे? जरूर पाहा. १९११ च्या राजाच्या भेटीची आठवण म्हणून बांधलेली ही कमान १९२४ ला पूर्ण झाली. ज्या वर्षी राजाची कमान पूर्ण झाली, त्याच वर्षी परळमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा निघाली. दोन्हींपैकी कशाने आपले आयुष्य बदलले, ते मुलांनाच ठरवू द्या.

परतताना चर्नी रोडला उतरा. स्टेशनालगतच्या बागेत शाळकरी भीमराव वाचत बसत आणि तिथेच कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींची नजर त्यांच्यावर पडली. मॅट्रिकच्या सत्काराला याच गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. त्या सभेचे अध्यक्ष सी. के. बोले होते. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ ला कायदे कौन्सिलात मंजूर करून घेणारे हेच बोले. म्हणजे महाडच्या तळ्यापर्यंत जाणारा एक धागा या बागेतून जातो. आणि बागेपासून हाकेच्या अंतरावर शासकीय मुद्रणालय व ग्रंथागार आहे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे जे खंड शासन १९७९ पासून प्रकाशित करत आले आहे, त्यांतले उपलब्ध असतील ते इथे माफक किमतीत मिळतात. मुंबईहून घरी काय न्यावे, याचे याहून चांगले उत्तर माझ्याकडे नाही.

वेळ असेल तर गावदेवीचे मणिभवनही पाहावे. गांधीजींचे हे मुंबईतले निवासस्थान. १४ ऑगस्ट १९३१ ला दुसऱ्या गोलमेज परिषदेआधी गांधीजी आणि बाबासाहेबांची भेट इथे झाली. ज्या देशात आपल्या माणसाला कुत्र्यामांजराइतकीही किंमत नाही, त्याला आपला देश कसा म्हणावा, असा सवाल बाबासाहेबांनी त्यांना तोंडावर विचारला, तो या घरात. मतभेद होते म्हणून घराकडे पाठ फिरवू नये. आपल्या नेत्याने जिथे ठणकावून सांगितले, ती जागा आपलीही आहे.

तिसरा दिवस : डोंगर आणि वस्ती

तिसरा दिवस मिळाला तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी. इथे शंभराहून अधिक लेणी आहेत. इसवी सनाच्या आधीपासून सुमारे हजार वर्षे इथे भिक्खूसंघ नांदला. तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहाच्या ओसरीत तथागतांच्या सुमारे सात मीटर उंच मूर्ती दोन्ही बाजूंना उभ्या आहेत. मूर्तींइतकेच लक्ष पाण्याच्या पोढ्यांकडे आणि ब्राह्मी शिलालेखांकडे द्या. दान देणाऱ्यांत कल्याणचे व्यापारी आहेत, सोनार आहेत, लोहार आहे, भिक्खुणीही आहेत. आणि त्याच डोंगरात पाण्याची टाकी कोरलेली आहेत. ज्या देशात पुढे पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या देशात एकेकाळी डोंगरावर वाटसरूसाठीही पाणी साठवले जात होते. सोमवारी उद्यान बंद असते, हे लक्षात ठेवा. सोबत पाणी आणि डबा न्या, कचरा परत आणा, आणि लेण्यांच्या भिंतींवर नावे कोरणाऱ्या टवाळांना हटका.

उतरताना घाटकोपरला जा. माता रमाबाई आंबेडकर नगर. ११ जुलै १९९७ ला सकाळी बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झालेली दिसली, लोक रस्त्यावर आले आणि राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, शाहीर विलास घोगरे यांनी मुलुंडला आपली जीवनयात्रा संपवली. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये न्यायालयाने दोषी ठरवले, म्हणजे बारा वर्षांनी! आनंद पटवर्धन यांचा २०११ चा 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट या घटनेपासूनच सुरू होतो. घरी परतल्यावर तो मुलांसह पाहा. या वस्तीचाही पुनर्विकास हाती घेतला गेला आहे. इथे पर्यटक म्हणून जाऊ नका, नातलग म्हणून जा. शहिदांच्या स्मारकापाशी फूल वाहा, घटकाभर थांबा. अण्णाभाऊ साठे जिथे राहिले ते चिराग नगरही घाटकोपरलाच आहे.

पाहून झाल्यावर काय?

वर लिहिलेल्या जागांची पुन्हा एकदा मोजदाद करा. दामोदर नाट्यगृह बंद झाले, छापखाना पाडला गेला, बी.डी.डी. चाळी जात आहेत, रमाबाई नगराचे रूप बदलणार आहे. मुंबईतली जमीन सोन्याच्या भावाची आहे आणि आपला इतिहास नेमका त्याच जमिनीवर घडला आहे. म्हणून पुढच्या पिढीला यातले बरेचसे दिसणार नाही. श्रीमंतांच्या इतिहासाला संगमरवर मिळतो. आपला इतिहास भाड्याच्या खोलीत, मैदानात, छापखान्यात घडला. तो जपायला संगमरवर लागत नाही, पाहणारी माणसे लागतात. जिथे माणसे रोज येतात, विचारतात, नोंद घेतात, तिथे बुलडोझर आणणाऱ्यालाही दोनदा विचार करावा लागतो.

तेव्हा कार्यकर्त्यांनी दोन कामे करावीत. प्रत्येक पुनर्विकास प्रकल्पात, त्या जागी काय घडले याचा ठळक फलक लावण्याची मागणी लेखी करावी आणि तिची पोच घ्यावी. आणि प्रत्येक तालुक्याच्या संघटनेने वर्षातून एकदा, एप्रिल किंवा डिसेंबरची गर्दी टाळून, दहावी-बारावीच्या मुलांना या मार्गाने फिरवून आणावे. एस.टी.चे नाहीतर रेल्वेचे भाडे आणि विहारातली मुक्कामाची सोय, एवढाच खर्च येतो. आपण याहून कितीतरी जास्त पैसा बॅनरवर घालवतो!

समुद्र मात्र रोज सगळ्यांसाठी खुला आहे. पहिल्या दिवशी चैत्यभूमीच्या मागे मुलांना तिथे हवे तेवढे खेळू द्या. नंतर हातपाय पुसून वही उघडा, कारण परळ गाठायचे आहे.